तुम्ही विचारलंत म्हणून : सत्याहत्तरची लाट आधी कळली होती का?

सत्याहत्तरच्या निवडणुकीत मी जुन्या नाशकात काँग्रेसविरोधी जनता पक्षाच्या बाजूनं प्रचाराचं काम केलं, असं कुठे बोलण्यात आलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "इंदिराबाईंच्या विरोधात लाट आहे हे तुम्हाला आधीच कळलं असेल ना?" हल्ली नातीच्या मैत्रिणीही विचारतात. नाही हो. अजिबात कळलं नव्हतं. मतदानाच्या आदल्या रात्री मी आईला सांगितलं होतं, आपण सपाटून आपटणार.

मी एकोणीस वर्षांची होते. मताचा हक्क तेव्हा एकविसाव्या वर्षी मिळे, त्यामुळे जिच्यासाठी चपला झिजवल्या त्या निवडणुकीत मला स्वतःला मत नव्हतंच. इंदिराबाईंनी १८ जानेवारी १९७७ ला निवडणुका जाहीर केल्या. आणीबाणी उठली नव्हती, नुसती सैल झाली होती. आमच्या वाड्यातले एक काका मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवायच्या कायद्याखाली, नाशिकरोडच्या तुरुंगात होते. ते सुटून आले, दोन दिवस झोपून काढले आणि तिसऱ्या दिवशी मतदारयादी घेऊन ओसरीवर बसले. "अक्षर कुणाचं बरं आहे?" माझं होतं. एवढ्यावर मी राजकारणात पडले.

काम चिठ्ठ्या लिहायचं. नाव, यादीचा भाग, अनुक्रमांक, मतदान केंद्र. खाली कार्बन घालून दोन प्रती, एक मतदाराला, एक आपल्याला. दुपारभर लिहायचं आणि संध्याकाळी भद्रकाली, दहीपूल, बुधवार पेठ असं वाटत फिरायचं. त्यात आमच्याकडे एक जास्तीची कटकट होती. बाहेरून येणाऱ्या पत्रकांवर जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी, आणि नाशकातले उमेदवार विठ्ठलराव हांडे मित्रपक्षाचे, शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे). निशाणी वेगळी. "जनतावाले ना तुम्ही? मग नांगर कुठाय?" हे दारोदार समजावत बसायचं.

लोक चिठ्ठी घ्यायचे आणि गप्प. चहा नाही, वाद नाही, शिवीसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. याच नाशकानं १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध दिल्लीला पाठवलं होतं; इथे काँग्रेसला कोण हलवणार?

बोलला तो एकच माणूस, तांबटांच्या गल्लीतला. आम्ही गेलो तेव्हा तो हंडा ठोकत होता. चिठ्ठी पुढे केली तरी हातोडा थांबला नाही. मी वाकले तर त्या ठणठणाटातच विचारलं, "मत कुणाला दिलं ते मागून कळतं का?" ठोकणं थांबवलं असतं तर शेजाऱ्याला ऐकू गेलं असतं, हे माझ्या लक्षात आलं ते रस्त्यावर आल्यावर.

त्याची भीती अगदीच खुळी नव्हती. मतपत्रिकेवर क्रमांक असे आणि तिच्या स्थळप्रतीवर, म्हणजे फाडल्यावर मागे राहणाऱ्या भागावर, मतदाराचा यादीतला क्रमांक लिहीत. काका सांगायचे, ते सगळं मोहोरबंद होतं, कुणी बघत नाही; तुम्ही फक्त घडी नीट घाला. आधी उभी, मग आडवी. आडवी आधी घातली तर शिक्क्याची ओली शाई दुसऱ्याच्या रकान्यात उमटायची आणि मत बाद व्हायची भीती. मग मी घरोघरी वहीचा कागद घेऊन घडी घालून दाखवायला लागले. प्रचार असा मी तेवढाच केला.

मतदानाच्या दिवशी माझा पराक्रम उघडकीला आला. एका अख्ख्या वाड्याच्या चिठ्ठ्यांवर मी यादीचा भाग चुकीचा लिहिला होता. सकाळी रांगेत तासभर उभी राहून चौदा-पंधरा माणसं माघारी आली. मी रडकुंडीला आले. काकांनी रागावण्यात वेळ घालवला नाही, यादी पुढे सरकवली फक्त. नव्या चिठ्ठ्या घेऊन मी धावत गेले तेव्हा मार्चचं ऊन डोक्यावर आलेलं, बायकांची जेवणं व्हायची होती. त्या पुन्हा निघाल्या. सगळ्या. सत्तरीच्या एक आजी नातवाचा खांदा धरून दुसऱ्यांदा तीच चढण चढल्या. एवढं डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी आपली माझ्या चुकीचं तोंड लपवत उभी!

मग रेडिओला कान लावून काढलेली ती रात्र. रायबरेलीत इंदिराबाई राजनारायण यांच्याकडून हरल्या, हे आधी कुणाला खरंच वाटेना. २१ मार्चला आणीबाणी उठली. काँग्रेस १५४ जागांवर आली आणि आमचे हांडेही निवडून आले. मेनरोडला इतका गुलाल होता की आठवडाभर फटींतून निघत राहिला.

काकांनी मला पेढे देऊन त्या वाड्यात पाठवलं. तांबट आता चारचौघांत मोठ्यानं बोलत होता, जणू काही सगळं त्यानंच केलं. आजींनी मात्र पेढा हातातच धरला आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "मी उभीच घातली होती गं आधी. बरोबर ना?"