मागायला जाण्याची तयारी

परिषदेचे निमंत्रण आले की आमच्या कार्यालयात प्रथम आनंद होतो आणि साधारण अर्ध्या तासाने काळजी सुरू होते. कार्यालय म्हणजे वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला लागून असलेली दहा बाय बाराची खोली. त्यामुळे आमच्या काळजीलाही फोडणीचा वास असतो. यंदाची विभागीय परिषद छत्रपती संभाजीनगरला आहे, तिचा विषय दातृत्व आणि सामाजिक विकास असा भारदस्त आहे, आणि तिथे कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांवरचा खर्च, पाहणारे अधिकारी, जुन्या धर्मादाय न्यासांचे प्रतिनिधी आणि आमच्यासारखे मागणारे अशी तीन प्रकारची माणसे येणार आहेत. पत्रिकेत अर्थातच सगळ्यांना ‘सहभागी’ हे एकच नाव दिलेले आहे.

आमचे काम सांगायला सोपे आहे. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळी झाली की माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, नवरा-बायको दोघांचा मिळून एकच कोयता हिशेबात धरलेला असतो, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणे, शेळी आणि मुले अशी भरती होऊन गाव पाच-सहा महिने अर्धे रिकामे होते. जी मुले आई-बापांबरोबर जातात त्यांची शाळा बुडते. जी मागे राहतात त्यांना आजी-आजोबांच्या आधारावर राहावे लागते आणि अनेकांना तोही नसतो. अशा अठ्ठावन्न मुलांना आम्ही हंगाम संपेपर्यंत ठेवून घेतो, जेवू घालतो आणि शाळेत पाठवतो. तीन वाक्यांत संपणारे हे काम परिषदेच्या नोंदणी अर्जात मात्र काही केल्या बसत नाही. तिथे ‘कार्यक्षेत्र’ या रकान्यात शिक्षण, आरोग्य, पोषण, महिला सक्षमीकरण, उपजीविका यांपैकी एकाच चौकोनात खूण करायची असते. मागच्या वर्षी मी ‘शिक्षण’ निवडले आणि दिवसभर डिजिटल फळ्यांविषयीच्या गटात बसलो. यंदा ‘पोषण’ निवडावे की काय, असा विचार चालू आहे.

कागदांची फाइल ही तयारीतली सर्वांत निर्जीव आणि सर्वांत आवश्यक बाब. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा दाखला, आयकर सवलतीचे १२ए आणि ८०जी हे दाखले, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आणि एप्रिल २०२१ पासून कंपन्यांचा निधी घ्यायचा असेल तर लागणारा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक. यांपैकी एखाद्या कागदाची मुदत संपत आलेली असते आणि ते नेहमी निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच लक्षात येते. याबद्दल फार तक्रार करावी असे मला वाटत नाही. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आमच्या क्षेत्रातली काही मंडळी मोठ्या दुःखाने म्हणतात. पण दुसऱ्याच्या पैशावर भाकरी थापणाऱ्याने पिठाचा हिशेब द्यायलाच हवा.

माझी खरी अडचण कॅलेंडरची आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायला लावली आणि १ एप्रिल २०१४ पासून ती तरतूद लागू झाली. तेव्हापासून आमच्यासारख्यांचे वर्षही नकळत एप्रिलला सुरू होऊ लागले. प्रस्ताव उन्हाळ्यात द्यावा, त्यावरचे प्रश्न पावसाळ्यात यावेत, पाहणीला कोणी तरी गणपतीनंतर यावे, करार डिसेंबरात व्हावा आणि पैसे आले की ते ३१ मार्चच्या आत खर्च झाल्याची प्रमाणपत्रे द्यावीत, असा हा क्रम आहे. साखर कारखान्याचा बॉयलर मात्र यांपैकी कशासाठीही थांबत नाही. तो पेटला की दोन-चार दिवसांत मुले दारात उभी राहतात आणि त्यांना रात्रीचे जेवण त्याच दिवशी लागते. गळीत हंगाम आणि आर्थिक वर्ष यांची पत्रिका जुळत नाही, हे एवढेच वाक्य परिषदेत स्पष्टपणे बोलावे असे मी गेली चार वर्षे ठरवतो आहे. ऐन वेळी समोरचे गृहस्थ इतक्या आपुलकीने ‘तुमचे मॉडेल इतर जिल्ह्यांत नेता येईल का?’ असे विचारतात की मी ‘हो, नक्कीच’ म्हणून मोकळा होतो. वास्तविक, या वसतिगृहाची गरज आमच्या जिल्ह्यातसुद्धा पडू नये, अशी माझी इच्छा आहे.

सादरीकरणासाठी छायाचित्रे निवडण्यात यंदा दोन संध्याकाळी गेल्या. दोन छायाचित्रे माझ्या संगणकात शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात उसाच्या फडाच्या बांधावर आठ वर्षांची एक मुलगी डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन उभी आहे; उसाची हिरवी पाने तिच्या कपाळावरून खाली लोंबत आहेत, त्यांच्या आडून तिचा एकच डोळा दिसतो आणि मागे पाचटाच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दाराशी धाकट्या भावाची झोळी टांगलेली आहे. दुसऱ्यात तीच मुलगी दोन वर्षांनंतर वसतिगृहाच्या ओट्यावर बसून, तोंडात भाकरीचा घास असतानाच, कशाला तरी मनसोक्त हसते आहे. हे छायाचित्र थोडे हललेले आहे आणि पाठीमागच्या दोरीवर मुलांच्या चड्ड्या वाळत आहेत. पहिल्या छायाचित्राने आजवर आम्हाला दोन हंगामांचे धान्य मिळवून दिले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्याने काहीही मिळवून दिलेले नाही.

ती मुलगी आता तालुक्याच्या गावी अकरावीत शिकते. दिवाळीत भेटायला आली असताना कार्यालयाच्या भिंतीवरचा, ते पहिले छायाचित्र असलेला फलक तिने बराच वेळ पाहिला आणि जाता जाता, चप्पल पायात सरकवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘सर, तेवढा फोटो काढा ना तिथून. कॉलेजातल्या पोरी बघतेत.’’ मी लगेच होकार दिला आणि फलक त्याच दिवशी उतरवला; पण संगणकातून छायाचित्र पुसायला माझा हात धजला नाही, आणि परवा सादरीकरण जुळवताना ते पुन्हा तिसऱ्या क्रमांकाच्या जागी आपोआप जाऊन बसल्यासारखे बसले. भिंतीवर लाजिरवाणे असलेले छायाचित्र सभागृहाच्या पडद्यावर चालेल, कारण तिथे तिच्या कॉलेजातल्या मुली नसतील, अशी एक सोयीस्कर पळवाट मनाने काढून ठेवली होती. दुसऱ्या संध्याकाळी ते काढले. त्या जागी हललेले छायाचित्र लावले आणि दोरीवरच्या चड्ड्या मात्र कातरून टाकल्या; मागणाऱ्यालाही थोडी टापटीप दाखवावी लागते.

दोन मिनिटांत संस्थेची ओळख करून द्यायची, असा परिषदेचा नियम आहे आणि त्या दोन मिनिटांची तालीम मी एसटी स्टँडपासून घरापर्यंत चालताना करतो. तालमीत भाऊराव पाटील हटकून आठवतात. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ साली साताऱ्याला त्यांनी वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, आणि मुलांची पोटे भरण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गावोगावच्या घरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करण्याची मुष्टिफंडाची रीत त्याच चळवळीतली. धोंडो केशव कर्वे यांना १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि महिला विद्यापीठाला आपल्या आईचे नाव दिले, हेही आठवते. पण माझा जीव जास्त करून त्या मुठीतच अडकतो. मूठ देणाऱ्या बाईला वसतिगृहातला मुलगा आपल्या किंवा शेजारच्या गावचा आहे एवढे माहीत असे, आणि त्यापुढचे तिला सांगावे लागत नसे. मला मात्र ‘प्रति लाभार्थी प्रतिमास खर्च’ पाठ करून जावा लागतो. तो सांगताना एक मूल किती भाकरी खाते हे डोळ्यांसमोर येते आणि आकडा दर वेळी थोडा अडखळतो.

कपड्यांचा प्रश्न बायकोने सोडवला आहे. कडक इस्त्रीचा सदरा घातला तर याला कशाला पैसे हवेत असे वाटते, आणि चुरगळलेला घातला तर याच्याकडे पैसे कसे द्यावेत असे वाटते. म्हणून इस्त्री करून एकदा घडी मोडलेला सदरा हा तिने शोधलेला मध्यम मार्ग आहे. पिशवी न्यावी लागत नाही, कारण ती तिथे मिळते. घरात अशा सात पिशव्या आहेत. ‘समावेशक विकास’ असे छापलेली बंद मजबूत असल्यामुळे बाजाराला जाते आणि तिच्यातून मेथीच्या जुड्या डोकावतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी रात्रीची जेवणे उरकल्यावर स्वयंपाकाच्या मावशी कार्यालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वसतिगृहातले मोठे जर्मनचे पातेले गेल्या हंगामापासून गळते आहे. दोनदा डाग देऊन झाला, तिसऱ्यांदा कारागीर नाही म्हणाला. तेव्हापासून त्या दोन लहान पातेल्यांत दोनदा आमटी करतात आणि दुसरी होईपर्यंत मोठी मुले ताटे वाजवत बसतात.

‘‘भाऊ, उद्या त्या मोठ्या लोकांपाशी जायलात, तर आमच्या भगुन्याचं तेवढं बघा,’’ त्या म्हणाल्या.

मी त्यांना सांगू लागलो की तिथे अशी एकेक वस्तू मागत नाहीत, प्रस्ताव असतो, त्यात शीर्षके असतात, भांड्यांना ‘भांडवली खर्च’ म्हणतात आणि तो बहुतेक पहिल्याच फेरीत खोडला जातो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग पदराच्या गाठीतून सुतळीचा एक तुकडा काढून माझ्या फाइलवर ठेवला.

‘‘तोंडाचं माप घेतलंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मधली गाठ आहे ती खोलीची. लहान आणू नका, न्हाईतर पुन्हा दोनदाच करावं लागंल.’’

सुतळी सदऱ्याच्या खिशात घातली आहे. पहाटे पाचची एसटी आहे.