आमची वाटचाल : तांब्याची तार आणि कृष्णेचं पाणी

सांगलीच्या मारुती रोडवर आमचं दुकान आहे. पुढे सिमेंट, पाईप, फिटिंग, नळ. मागच्या खोलीत मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं, आणि मिक्सर-पंखे-गिझरची दुरुस्ती. अण्णांनी सुरुवात केली तेव्हा नळकाम म्हणजे जीआय, जस्त चढवलेला लोखंडी पाईप. व्हाइसमध्ये पाईप धरायचा, डाय फिरवून आटे पाडायचे, सुतळी-सफेदा लावून पान्ह्याने आवळायचं. आता सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाईप आला, सोल्यूशन लावलं की जोड तयार. तरी अण्णांचा तो डाय मी तेल लावून ठेवलाय. गावभागातल्या एखाद्या जुन्या वाड्याचं काम आलं की दुसरं काही चालत नाही.

रिवाइंडिंग आणलं चाचांनी. चाचा मिरजेचे. जागा अण्णांची, हात चाचांचे, नफा निम्मा-निम्मा. कधी कागद झाला नाही आणि कधी वादही झाला नाही. मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. जळालेली मोटार उघडली की लगेच छिन्नी लावायची नाही. आधी कनेक्शनचं चित्र वहीत काढायचं, वेढे मोजायचे, तारेवरचं इनॅमल काढून मायक्रोमीटरने गेज, म्हणजे तारेची जाडी, घ्यायचा. कुठली मोटार, किती खाचा, किती वेढे, कुठला गेज, सगळं चाचांच्या वह्यांत आहे. या वह्या ते रोज संध्याकाळी घरी घेऊन जायचे. त्याचं मोल आम्हाला पुढे कळलं.

मधली वर्षं बरी गेली. नोटबंदी आणि जीएसटीत सगळ्यांचं झालं ते आमचं झालं.

मग आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एक नवं दुकान आलं. काचेचं शोरूम, आणि रिवाइंडिंग आमच्या निम्म्या दरात. निम्म्या दरात ते कसं बसतं हे या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. आत ॲल्युमिनियम भरलेलं. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहतं. तेवढंच काम हवं तर तार जाड हवी, आणि जाड तार त्याच खाचेत मावत नाही. ॲल्युमिनियमची मोटार विकणं हा गुन्हा नाही. बिलावर ‘कॉपर’ लिहून ती देणं ही फसवणूक आहे, आणि हे मी त्यांच्या तोंडावर बोललोय. गिऱ्हाइकं मात्र आम्हालाच ‘महागवाले’ म्हणू लागली. तुम्हाला शंका असेल तर तारेचा तुकडा मागा आणि ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की समजा.

ऑगस्ट २०१९ आला. २००५ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५४ फुटांच्या जवळ गेलं होतं. तेव्हाची खूण आम्ही भिंतीवर कोरून ठेवली होती आणि माळा तिच्या वर बांधून घेतला होता. २०१९ ला पातळी ५७ फुटांच्या वर गेली. माळ्यावर चढवलेला माल माळ्यावरच भिजला. पाणी उतरल्यावर शटर उघडलं, तर सिमेंटच्या थप्प्यांचे दगड झालेले, तांब्याच्या रिळांवर बोटभर गाळ, वाइंडिंग मशीन गंजलेलं, तारेतून वीज गळते का ते तपासायचा मेगर गेलेला. अण्णा दारातच बसले.

विमा होता. दरवर्षी हप्ता भरत होतो. क्लेम करायला गेलो तेव्हा कळलं की वादळ-पुराचं कलम एजंटने हप्ता कमी दिसावा म्हणून काढून टाकलं होतं आणि आम्हाला सांगितलंच नव्हतं. उरला फक्त आगीचा विमा. नदीकाठच्या पेठेतल्या दुकानाला पुराशिवाय विमा विकणाऱ्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही. दुकानदार मित्रांनो, पॉलिसीचा कागद आजच काढा आणि त्यात ‘पूर’ हा शब्द कुठे आहे ते बोटाने शोधा.

धंदा बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. चाचा म्हणाले, मिरजेला माझ्या अंगणात चल. वह्या तिथे कोरड्या होत्या. पत्र्याच्या पेटीत मोठे बल्ब लावून आम्ही मोटारी सुकवायची भट्टी केली, मेगर उसना आणला. तार घ्यायला पैसे नव्हते. ते दिले गावभागातल्या गिरणीवाल्या मावशींनी. त्यांची स्वतःची गिरणी पाण्यात गेलेली, साडेसात एचपीची मोटार चिखलाने भरलेली, आणि बाई रोख रक्कम घेऊन अंगणात उभी. “माझी मोटार तुम्हीच भरायची. घाई नाही, पण तांबंच पाहिजे.” तिथून निघून त्यांनी आपल्या गल्लीतल्या घराघरांत आमचं नाव सांगितलं. पंप, मिक्सर, फ्रीज हातगाडीवर, टेम्पोत, मिळेल तसे मिरजेला येऊ लागले.

त्या शोरूममध्ये पुराच्या मोटारी उन्हात ठेवून थेट चालू करून देत होते. पुष्कळ मोटारी घरी गेल्या गेल्या जळाल्या आणि त्या आमच्याकडे आल्या. आम्ही आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचो, बेअरिंग काढायचो, पेटीत सुकवायचो. ५०० व्होल्टच्या मेगरवर निदान एक मेगोहम दिसल्याशिवाय वीज द्यायची नाही, हा चाचांचा नियम. मग वार्निश, मग पुन्हा भट्टी. याला वेळ लागतो. ‘यांनी मोटारी अडकवून ठेवल्या’ असं त्यांनी बाजारात पसरवलं. ते खोटं होतं. ज्यांच्या मोटारी आजही चालतात त्यांना विचारा.

मावशींच्या मोटारीचं बिल आम्ही केलं नाही. त्यांनी भांडून ते वसूल करायला लावलं. त्यांची गिरणी आज त्याच तांब्यावर चालते.

पूरपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. मीटर, बोर्ड आणि पंपाचा स्टार्टर पुराच्या खुणेच्या वर घ्या. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. फ्रीज बुडाला म्हणून भंगारात देऊ नका. कॉम्प्रेसर सीलबंद असतो. नीट सुकवून रिले आणि वायरिंग बदललं तर बरेचदा तो चालतो. मिक्सर अचानक थांबला तर मिस्त्रीकडे नेण्याआधी तो गार होऊ द्या आणि खालचं लाल बटण दाबून पाहा. निम्म्या वेळा तेवढंच असतं.

दुकान पुन्हा मारुती रोडवरच आहे. चाचांची दृष्टी अधू झाली आहे, आता वह्या त्यांची नात सांभाळते आणि वाइंडिंगही तीच करते. मोटार आणताना कपॅसिटर आणि केबल सोबत आणा. आणि आधी कुठे भरली असेल तर ते बिलही आणा, त्यावर काय लिहिलंय ते आम्हाला पाहायचं असतं.