तेहतीस अनारसे आणि सात हजार आठशे

गुरुवार, ५ मार्च २०२६, इंदूर

आज पाच तारीख. डोळे उघडताच हात फोनकडे गेला. २०१४च्या मेपासून दर पाच तारखेला सकाळी तोच मेसेज यायचा : खात्यातून ७,८०० रुपये वजा. आज नाही आला. येणार नाही हे ठाऊक होतं, ९ फेब्रुवारीला घरकर्जाचे उरलेले २२,६१४ रुपये भरून मीच कर्जखातं बंद करून आले होते. तरी दोनदा बॅलन्स पाहिला. पगार जमा झाला तसाच्या तसा पडून होता. मग चहाचं आधण ठेवलं.

सोमवारी फ्लॅटची रजिस्ट्री, म्हणजे खरेदीखत, परत मिळाली. बँकेत आधी म्हणाले होते, कागद हेड ऑफिसहून येतात, दीड-दोन महिने धरून चाला. मी शांतपणे सांगितलं की रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. एकविसाव्या दिवशी फोन आला, येऊन घेऊन जा. सोबत नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्रही घेतलं आणि त्यावरचा खाते क्रमांक तिथेच उभी राहून ताडून पाहिला.

खाकी लिफाफ्यातून कागद काढले तर स्टँप पेपरच्या घड्या मऊ पडलेल्या. पहिल्या पानावर माझा फोटो, त्यावर अर्धा शिक्का. आईची साडी नेसले होते त्या दिवशी, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. खाली हिंदीत 'क्रेता', म्हणजे खरेदीदार, त्यापुढे माझं नाव आणि 'पुत्री श्री' म्हणून बाबांचं. नवऱ्याच्या नावाची जागाच नाही. २०१२ मध्ये चार वर्षांच्या मुलाला घेऊन मी माहेरी आले, तेव्हापासून प्रत्येक अर्जावर त्या रकान्यापाशी पेन थांबायचं. या एका कागदावर थांबलं नव्हतं, हे मी पार विसरून गेले होते. रिक्षात बसून तेवढंच पान पुन्हा पुन्हा वाचलं.

फ्लॅट अन्नपूर्णा रोडच्या आतल्या गल्लीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. साडेअकरा लाखांना घेतला. साडेतीन लाख माझं स्त्रीधन मोडून आणि बाबांनी दिलेले मिळून झाले, आठ लाखांचं कर्ज, वीस वर्षं, दर १०.१५ टक्के. पगार तेव्हा सतरा हजार. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिते, आजही तिथेच आहे. हिशेब लिहिणाऱ्या बाईने स्वतःच्या कर्जाचा हिशेब मात्र वर्षभर उघडून पाहिला नाही. हप्ता जातोय ना, मग झालं, असं धरून चालले.

एप्रिल २०१५ मध्ये वर्षाचं स्टेटमेंट आलं. ९३,६०० रुपये भरले होते. मुद्दल कमी झालं होतं १३ हजारांच्याही आत. मला वाटलं छपाई चुकली. रात्री वही घेऊन बसले. आठ लाखांवर १०.१५ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज ६,७६७. म्हणजे पहिल्या ७,८०० मधले मुद्दलाला लागले १,०३३. बाकी सगळं व्याज. वीस वर्षांचे २४० हप्ते धरले तर अठरा लाख बहात्तर हजार. त्या रात्री मुलगा शेजारी झोपला होता आणि मी त्याच्या पांघरुणाच्या टोकाशी वही धरून तोच गुणाकार परत परत करत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेढीचे ऑडिट करणाऱ्या सी.ए. काकांना विचारलं. ते म्हणाले, जास्तीचे पैसे जेव्हा जमतील तेव्हा मुद्दलात टाका, आणि लवकर टाका, सुरुवातीच्या वर्षांतला रुपया सगळ्यात जास्त काम करतो. मी म्हटलं, बँकेत तर सांगतात मुदतीआधी भरलं तर दोन टक्के दंड. काका चक्क रागावले. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून असा दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच बंद केलंय. मला काउंटरवर जे सांगितलं गेलं त्यामुळे दिवाळीच्या फराळाचे दहा हजार सहा महिने बचत खात्यात लोळत होते. तेव्हाच भरले आणि हिशेब केला. त्या दहा हजारांनी शेवटचे आठ हप्ते कापले. बासष्ट हजार. मी आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.

एक गोष्ट तेव्हाच शिकले ती लिहून ठेवते. जास्तीचे पैसे भरले की अर्जात स्पष्ट लिहायचं : हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नाहीतर हप्ता कमी करून देतात, बरं वाटतं, पण वर्षं तशीच राहतात.

आता पैसे आणायचे कुठून हा प्रश्न. पगारातून मुलाची फी, किराणा, आईबाबांची औषधं, हप्ता, संपला महिना. उरली माझी दोन हातांची कला, तीही आजीकडून आलेली. अनारसे. २०१५ मध्ये आषाढ अधिक होता. समोरच्या मावशींच्या मुलीचं नुकतंच लग्न झालेलं, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि त्यांना अनारसे जमत नव्हते. मी करून दिले. त्यांनी सुदामानगरात बहिणीला सांगितलं, बहिणीने भजनी मंडळात. इंदुरात मराठी घरांत तोंडोतोंडी बातमी कशी पोहोचते ते सांगायला नको.

हे काम घाईचं नाही, हीच त्यातली पंचाईत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास धरतो. मग पंच्यावर पसरून पंख्याखाली ठेवायचे, पण खडखडीत वाळू द्यायचे नाहीत, मुठीत थोडा ओलावा लागला पाहिजे. कुटून, बारीक चाळून, किसलेला गूळ मळून गोळे डब्यात चार-पाच दिवस तरी मुरत ठेवायचे. तुपात सोडताना खसखशीची बाजू वर, आणि उलटायचा नाही, झाऱ्याने कडेचं तूप हळूहळू वर उडवत राहायचं. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, तुपात पसरून विरून जातो आणि त्याच्याबरोबर अख्खं तूप नासतं. पहिल्या अधिकात माझे दोन घाणे हसले. कढईपाशी उभी राहून रडले, कारण ते तूप उधारीचं होतं.

२०१८चा अधिक ऐन मे-जूनमध्ये आला. सत्तर वाणं गेली, तेवीसशेहून जास्त अनारसे. दुकानातून सातला घरी, साडेसात ते अकरा कढई. आई थापायची, मी तळायची, मुलगा नऊ-दहा वर्षांचा, डब्यात मोजून भरायचा. तेहतीसच्या जागी बत्तीस गेले तर वाण पुरं होत नाही, म्हणून प्रत्येक डबा दोनदा मोजायचा. त्या वर्षी ३५,००० मुद्दलात गेले. पुढे २०२० आणि २०२३ चे अधिकही असेच धरले. मधल्या वर्षांत दिवाळीचे फराळ, कधी बारा हजार, कधी पंधरा. सगळे मिळून सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर. रक्कम ऐकली तर फार नाही.

भाऊ म्हणायचा, ताई, कर्ज कशाला फेडतेस, एसआयपी कर, दरमहा म्युच्युअल फंडात टाक, आणि घरकर्जावर टॅक्सही वाचतो. टॅक्सचं तर माझ्या बाबतीत लागूच नव्हतं. सतरा हजारांवर टॅक्स बसतच नाही, तर वाचणार काय? एसआयपीचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर असेल, त्याच्या घरात दोन पगार येतात. माझ्या घरात एक. मला रात्री जो विचार छळायचा तो परताव्याचा नव्हता. मला काही झालं तर हे ७,८०० कोण भरणार आणि पोर कुठे राहणार, हा होता. त्या वेळी वर्षाला ३३० रुपयांत दोन लाखांचा विमा देणारी जीवनज्योती योजना २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्याच महिन्यात फॉर्म भरला, तो या भीतीपोटीच. नॉमिनी मुलगा, आणि तो लहान म्हणून पालक भाऊ.

चूकही केली. २०१७ मध्ये हाती होतं ते सगळं, अगदी शेवटचे पाच हजारसुद्धा, मुद्दलात टाकून आले. पंधरा दिवसांत मुलगा शाळेच्या जिन्यावरून पडला, कोपराचं हाड मोडलं, तार घालावी लागली. सराफ्यात जाऊन उरलेली एक बांगडी गहाण ठेवली, महिना दोन टक्क्यांनी. दहा टक्क्यांचं कर्ज फेडण्याच्या नादात चोवीस टक्क्यांचं डोक्यावर घेतलं. बांगडी सोडवायला चौदा महिने लागले. तेव्हापासून सहा हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आणि तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. २०२०च्या एप्रिल-मेमध्ये मार्केट बंद होतं, पगार अर्धा आला, तेव्हा त्याच पैशांतून हप्ते गेले. बँक मुदत देत होती, ऑगस्टपर्यंत हप्ता भरू नका म्हणे. पण व्याज चालूच राहणार होतं, ते मुद्दलात चढणार होतं. मी नाही घेतली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना घ्यावीच लागली, त्यांना मी काय बोलणार.

त्याच वर्षी काकांनी आणखी एक सांगितलं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी गृहकर्जं रेपो दराला (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) किंवा तशाच बाहेरच्या दराला जोडलेली असतात, तुमचं जुनं बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या दरावर, अडकलंय, अर्ज करून बदलून घ्या. रेपो चार टक्क्यांवर उतरला होता आणि माझा दर नऊच्या पुढेच. बँकेने आपणहून कधी कळवलं नव्हतं. थोडी फी भरली, एका सहीत दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला. पुढे मे २०२२ पासून रेपो चढत फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला, तेव्हा माझा हप्ता तोच राहिला पण उरलेले महिने गुपचूप वाढले. दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट काढत होते म्हणून दिसलं. तेवीसच्या अधिकातले चाळीस हजार त्यावर घातले.

२४० पैकी १४२ हप्ते. जास्तीचे धरून साडेतेरा लाखांच्या आसपास भरले. अठरा लाख बहात्तर हजारांतले पाच लाखांवर माझ्याकडे राहिले. दर उतरले त्याचा त्यात हात आहे, हे मान्य. पण अनारशांचाही आहे.

रात्रीचे साडेदहा. मुलाची बारावीची परीक्षा चालू आहे, आतल्या खोलीत दिवा आहे. मघाशी पाणी प्यायला आला तेव्हा टेबलावर रजिस्ट्री उघडी होती. त्याने माझा फोटो पाहिला, म्हणाला, "आई, किती घाबरलेली दिसतेस गं तू." मी म्हटलं, होतेच. तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला, कागद होते त्याच घड्यांवर दुमडून लिफाफ्यात घातले आणि अभ्यासाला गेला.

संध्याकाळी मावशींचा फोन होता. रविवारी रंगपंचमी, गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गर्दीत जाऊ नकोस वगैरे सांगून झाल्यावर मुद्द्यावर आल्या. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, धाकट्या जावयाचं वाण आहे, शिवाय बहिणीकडची तीन. करशील ना, की आता कर्ज फिटलं म्हणून सोडलंस? चारही लिहून घेतली. मेच्या पहिल्या आठवड्यात तांदूळ भिजत घालावे लागतील. जुना तांदूळ आत्ताच बघून ठेवायला हवा, नवा चिकट होतो.