फॉरमॅट मारला, तरी ती चौकट परत आलीच

मे महिन्यातले सोळा दिवस आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक चौकट ठाण मांडून होती. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, खालून सरकत वर यायची. लाल रंगाची ढाल, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले' असं इंग्रजीत, आणि खाली 'आत्ताच साफ करा'. बंद केली की दहा मिनिटांत दुसरी हजर. क्रोम बंद असलं तरी यायची, त्यामुळे ती क्रोममधून येत असेल असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले. सकाळी कूलरसमोर बसून ई-पेपर वाचायचा, दुपारी आईंना भजनं लावून द्यायची, हा त्यांचा रोजचा नेम. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं बटणच बंद केलं आणि मला म्हणाले, "माझ्या हातून काहीतरी बिघडलं बेटा. आता मी नाही लावत." चाळीस वर्षं जबाबदारीची नोकरी केलेला माणूस कोपऱ्यातल्या एका खोट्या चौकटीला घाबरून स्वतःला दोष देत होता. त्याचा राग मला अजून आहे, आणि हे लिहायला बसले ते त्याच रागानं.

तुमच्याकडे अशी चौकट येत असेल तर बाकी काही करायच्या आधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. तिथं ब्राउझरचं नाव आणि कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटचा पत्ता असेल, तर तो इशारा तुमच्या कॉम्प्युटरनं दिलेला नाही. त्या वेबसाइटनं पाठवलेलं ते नोटिफिकेशन आहे. बातमीची साइट जशी ताजी बातमी पाठवते, तसंच. फक्त इथं बातमीऐवजी भीती पाठवतात. मी ही अक्षरं इतके दिवस वाचलीच नाहीत.

आधी घरीच प्रयत्न केले. विंडोजबरोबर येणाऱ्या अँटिव्हायरसनं पूर्ण तपासणी केली, काही सापडलं नाही. क्रोम काढून पुन्हा टाकलं, चौकट कायम. आता कारण कळतं. क्रोम काढताना 'ब्राउझिंग डेटाही पुसून टाका' अशी एक छोटी खूण करावी लागते. ती केली नाही, तर जुन्या परवानग्या कॉम्प्युटरवर तशाच राहतात आणि नवं क्रोम त्याच उचलतं.

मग दुकान. नागपूरच्या मनीषनगरहून ऑटोत सीपीयू मांडीवर घेऊन, भर उन्हात सीताबर्डीला गेले. काउंटरवरच्या मुलानं सीपीयू जोडला, पाच मिनिटं इकडेतिकडे क्लिक केलं आणि म्हणाला, "व्हायरस घुसून राहिला ताई. फॉरमॅटच मारावं लागते."

मी म्हटलं, "पण चौकट तर येऊ द्या. तुम्ही अजून पाहिलीच नाही."

"ताई, व्हायरस असा दिसत नाही."

चौकट दिसणारच नव्हती, कारण त्यानं इंटरनेट जोडलंच नव्हतं. नोटिफिकेशन इंटरनेटवरूनच येतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण त्याला माहीत असायला हवं होतं. रोज वीस कॉम्प्युटर उघडणाऱ्या माणसानं एकदा केबल लावून दहा मिनिटं वाट पाहिली असती, तर चौकटीवरचा पत्ता त्याला तिथंच दिसला असता. त्याऐवजी पावती फाडली. फॉरमॅटचे सातशे, नव्या अँटिव्हायरसचे नऊशे.

"आमचा डेटा?"

"डी ड्राइव्हला हात लावत नाही ताई, टेन्शन नका घेऊ."

'उद्या या' म्हणाला. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गेले तर मालक लग्नाला गेले होते आणि विंडोजचा पेनड्राइव्ह त्यांच्याकडे. तिसऱ्या दिवशी लाइन गेलेली. चौथ्या दिवशी दुपारी फोन केला तर 'होऊन राहिलं', म्हणून संध्याकाळी जयप्रकाशनगरहून मेट्रोनं गेले. सीपीयू त्याच कोपऱ्यात, त्याच स्थितीत, वर माझ्या नावाची चिठ्ठी. मी स्टूल ओढून तिथंच बसले आणि म्हटलं, आता घेऊनच जाते. चार दिवसांत न झालेलं काम दीड तासात झालं.

घरी आणून लावला आणि आईंनी विचारलं, "माझी गाणी कुठं गेली?"

आईंना भुलाबाईची, म्हणजे आमच्या विदर्भातल्या त्या सणाची, गाणी येतात. त्यांच्या माहेरची, आर्वीकडची. मागच्या वर्षी कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी एकेक करून मी त्यांच्या आवाजात बावीस गाणी रेकॉर्ड केली होती आणि डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवली होती. डेस्कटॉपवर दिसणारी वस्तू साधारणपणे सी ड्राइव्हमध्ये असते. फॉरमॅट सी ड्राइव्हचाच होतो. डी ड्राइव्हला खरंच हात लागला नव्हता, तिथं लग्नाचे फोटो जसेच्या तसे होते. 'डेस्कटॉपवर काही कामाचं आहे का', हा एक प्रश्न त्या दुकानात मला कोणी विचारला नाही. दुकानात कॉम्प्युटर देणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, ही तिन्ही ठिकाणं आधी पेनड्राइव्हवर घ्या, आणि घेतलेली फाइल उघडते का ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहा.

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला कोपऱ्यातून लाल ढाल वर आली.

दुकानात फोन केला. "मग हार्डडिस्कच बदलावी लागते ताई."

फोन ठेवला, आणि ठरवलं की आता हा डबा घराबाहेर जाणार नाही.

त्या रात्री चौकट येण्याची वाट पाहत बसले. आली तेव्हा पहिल्यांदा तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. गूगल क्रोम, आणि पुढे अर्थ नसलेल्या अक्षरांचा एक पत्ता. क्रोम उघडलं, उजवीकडच्या तीन टिंबांतून सेटिंग्ज, तिथून प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. ज्या साइट्सना परवानगी दिली आहे त्यांची यादी तिथं असते. माझी यादी रिकामी होती. त्या क्षणी मला रडूच यायचं बाकी होतं.

अर्ध्या तासानं लक्षात आलं. फॉरमॅटनंतर क्रोममध्ये मी दोन प्रोफाइल केले होते, एक माझा, एक आई-बाबांचा. परवानग्यांची यादी प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असते. वरच्या गोल चित्रावर क्लिक करून त्यांचा प्रोफाइल उघडला. तिथं अकरा साइट्स होत्या, सगळ्या तीन दिवसांतल्या. एकेक करून काढल्या. त्याच पानावर वर एक पर्याय असतो की कोणत्याही साइटला नोटिफिकेशन पाठवू द्यायचं नाही. तो निवडला. मग सेटिंग्जमध्येच 'सिस्टम' या भागात जाऊन, क्रोम बंद केल्यावरही मागे काम चालू ठेवण्याचा पर्याय बंद केला. क्रोम मिटलेलं असताना चौकट यायची ती यामुळे. सोळा दिवस, सोळाशे रुपये आणि बावीस गाणी गेली होती ती ज्या कामाच्या अभावी, त्याला वीस मिनिटं लागली. पैसे लागले नाहीत.

अकरा साइट्स आल्या कुठून, ते दुसऱ्या दिवशी आईंच्या शेजारी बसून पाहिलं. त्या तिथी पाहायला एक पान उघडतात. ते पान मधेच दुसरीकडे नेतं, आणि तिथं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी 'अलाउ' दाबा. आईंनी दाबलं. कोणीही दाबेल. खऱ्या तपासणीत चौकोनात खूण करायला सांगतात किंवा चित्रं ओळखायला सांगतात, ब्राउझरच्या परवानगीचं बटण दाबायला कधीच सांगत नाहीत. फॉरमॅटनं हे बंद होणारच नव्हतं, कारण ते पान आईंच्या पाठ झालेलं होतं. आता भिंतीवरचं कॅलेंडर आणि एक चांगलं ॲप आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. पहिल्या आठवड्यात बाबांनी एकदा त्या चौकटीवर क्लिक केलं होतं. पूर्ण स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजायला लागला आणि मधोमध एक फोन नंबर, 'मायक्रोसॉफ्टला फोन करा'. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा बाबांच्या हातात मोबाइल होता आणि निम्मा नंबर दाबून झाला होता. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यातून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर बटण दाबून कॉम्प्युटरच बंद करा. पुन्हा उघडल्यावर ब्राउझर 'आधीची पानं परत आणू का' विचारतो, तिथं नाही म्हणायचं. आणि कोणाचे पैसे गेलेच, तर लाजत न बसता लगेच १९३० ला फोन करायचा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

उरलेल्या जाहिरातींचं काम त्या मानानं सोपं गेलं. आई-बाबांसाठी फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर टाकला आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, हे ब्राउझरला जोडायचं, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून हे मूळ रूपात तिथं चालत नाही, त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते. नाव नीट पाहून घ्या, 'ओरिजिन' हा शब्द हवाच, नुसतं 'यूब्लॉक' वेगळं आहे. ई-पेपरची साइट ब्लॉकर बंद करा म्हणाली, तर यूब्लॉकच्या चिन्हावर क्लिक करून आतलं मोठं पॉवरचं बटण दाबायचं, तेवढ्याच साइटपुरता तो थांबतो. नेटबँकिंगची पावती उघडेना तेव्हाही मी चक्रावले होते. काही बँका पावती पॉप-अपमध्येच, म्हणजे वेगळ्या उघडणाऱ्या छोट्या खिडकीत, उघडतात. पत्त्याच्या पट्टीजवळ तसा इशारा येतो, तिथून त्या एकाच साइटला परवानगी द्यायची, सगळ्यांना नाही.

पॉप-अप जाहिरातीचा कोड १९९०च्या दशकात इथन झुकरमन यांनी ट्रायपॉड या वेबसाइटसाठी लिहिला होता, आणि २०१४ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली. हे वाचलं तेव्हा मला खरोखर बरं वाटलं. निदान एका माणसाला तरी वाटलं की हे चुकलं.

राउटरमध्ये डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून ती शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता ९४.१४०.१४.१४ असा बदलून घेतला, तो जाहिराती अडवणाऱ्या ॲडगार्डचा आहे, फुकट. त्यामुळे घरातल्या मोबाइलवरच्याही बऱ्याच जाहिराती कमी झाल्या. यूट्यूबवर भजनाच्या मधे येणाऱ्या जाहिराती मात्र यानं थांबत नाहीत, त्या व्हिडिओ जिथून येतो तिथूनच येतात. मोबाइलच्या क्रोममध्येही नोटिफिकेशनची यादी असते. बाबांच्या फोनमध्ये चार साइट्स निघाल्या.

बाबा आता सकाळी पुन्हा कूलरसमोर बसतात. परवा एका पानानं काहीतरी परवानगी मागितली, तर त्यांनी मला हाक मारली, चष्मा वर केला, पत्ता मोठ्यानं वाचून दाखवला आणि स्वतःच 'ब्लॉक' दाबलं.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसेल, त्याच्या आत गाणी पुन्हा म्हणून घ्यायची आहेत. आईंना दम लागतो, त्यामुळे एका संध्याकाळी एकच. बावीसपैकी सात झालीत. दोन त्यांना आता आठवत नाहीत, त्यासाठी त्यांच्या बहिणीला आर्वीला फोन करायचा आहे. फाइल त्याच रात्री दोन पेनड्राइव्हवर घेते, एक कपाटात, एक माझ्या पर्समध्ये.