स्कोअर २.३

लहान मुलाच्या शौचाचा नमुना (स्टूल) होता, आव-रक्त पडत होतं. मॅकॉन्कीवर, म्हणजे लॅक्टोज पचवणारे जंतू गुलाबी दिसतात त्या माध्यमावर, रात्रभरात बिनरंगी कॉलन्या (जंतूंचे ठिपके) उगवल्या. ज्युनिअरने एक कॉलनी मॅल्डीच्या, म्हणजे प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणाऱ्या मशीनच्या, प्लेटवर घासली, वर मॅट्रिक्सचा (लेझरची ऊर्जा शोषणाऱ्या रसायनाचा) थेंब टाकला आणि थोड्याच वेळात आली. "मॅडम, ई. कोलाय. स्कोअर २.३. फक्त साइन हवीय."

स्कोअर, म्हणजे मशीनमधल्या नमुन्यांशी जुळणीचा आकडा, दोनच्या वर गेला की प्रजाती पक्की, असं प्रशिक्षणात सांगतात. स्टूलमध्ये ई. कोलाय सापडणं तर नेहमीचंच, म्हणजे रिपोर्टवर 'रोगजंतू आढळला नाही' जाणार. पण ई. कोलाय असता तर कॉलनी बहुधा गुलाबी असती.

मॅल्डी जे बघते ते मुख्यतः राइबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची, प्रथिनं. जंतूत ती भरमसाट असतात, आकाराने लहान, आणि बहुतेक अल्कधर्मी असल्यामुळे प्रोटॉन चटकन घेतात. म्हणून २,००० ते २०,००० डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) पट्ट्यात त्यांचेच पीक, म्हणजे आलेखातले सुळके, उठून दिसतात. ई. कोलायचे मला तोंडपाठ आहेत: एल३६ या प्रथिनाचा ४३६५ ला, एल३४ चा ५३८१ ला, एल२९ चा ७२७४ ला. स्क्रीनवर तिन्ही जागच्या जागी होते. मी आमच्याकडे जपून ठेवलेल्या शिगेलाचा (आव-रक्ताची हगवण लावणाऱ्या जंतूचा) जुना स्पेक्ट्रम, म्हणजे तसाच आलेख, काढून त्यावर ठेवला. तोही तसाच!

होणारच. जनुकांच्या हिशेबाने शिगेला हा ई. कोलायच, वेगळं नाव त्याला रोगामुळे मिळालं. आतड्याच्या पेशींत घुसायची हत्यारं त्याच्या मोठ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, असतात. राइबोसोमला त्याचा पत्ताच नाही, मग मॅल्डीला कुठून असणार?

मग नळ्यांतल्या जुन्या चाचण्या लावल्या. गतिशीलता नाही. लायसिन निगेटिव्ह. ग्लुकोजमधून गॅस नाही. फ्लेक्सनेरीच्या (शिगेलाच्या एका प्रजातीच्या) अँटिसिरममध्ये, म्हणजे तिला ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या द्रवात, स्लाइडवर बघता बघता गुठळ्या झाल्या. वॉर्डला लगेच फोन केला, कारण या जंतूचे दहा ते शंभरसुद्धा दुसऱ्याला आजारी पाडायला पुरतात.

या नळ्या आणि अँटिसिरम मला दर वेळी भांडून मागवावे लागतात. "एवढं महागाचं मशीन घेतलंय, मग हे जुनं कशाला?" खरेदीच्या बैठकीत हेच ऐकायचं. मशीनशी माझं भांडण नाही; मूत्राच्या आणि रक्ताच्या कल्चरला त्याच्यासारखा वेग दुसऱ्या कशालाच नाही. नुसता आकडा बघून साइन मागणाऱ्यांशी आहे.

ज्युनिअरने विचारलं, मशीनच्या लायब्ररीत, म्हणजे जुळवणीच्या नमुन्यांच्या साठ्यात, शिगेला का घालत नाहीत? घातला तरी दोन्ही नावं जवळपास त्याच स्कोअरने वर येतील, हे तिला दोन स्पेक्ट्रम दाखवल्यावर पटलं. मग ती म्हणाली, "म्हणजे आधीच्या स्टूल रिपोर्टांत...?" जुन्या नोंदी काढायची परवानगी मी मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.