महाराष्ट्राच्या भरतपुरातून मूळच्या भरतपूरला

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या या पाणथळीवर आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळाचे हिवाळ्यातले बहुतेक रविवार जातात. २०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं, तेव्हा आम्ही चापडगावला जाऊन पेढे वाटले होते. राजस्थानातलं मूळचं भरतपूर, तिथलं केवलादेव पक्षी उद्यान, बघायचं तेव्हापासून मनात होतं, आणि जायचं तर सगळ्यांनी मिळून.

अडत होतं ते इथेच. मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, एमआयडीसीत पाळ्या करणारे आहेत आणि कॉलेजातली मुलंही. एकरकमी खर्च सांगितला की काही जण घरचं कार्य, परीक्षा, रजा अशी कारणं देऊन मागे राहतात. कारण बहुतेकदा पैशाचं असतं, पण तोंडावर कोणी बोलत नाही. म्हणून सहल फेब्रुवारीत आणि वर्गणी आदल्या जुलैपासून, दरमहा हजार रुपये, असं ठरलं. जानेवारीत उत्तरेकडच्या गाड्या धुक्यामुळे तासन् तास रखडतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला धुकं विरळ झालेलं असतं आणि पाहुणे पक्षी अजून परतलेले नसतात.

आमच्या खजिनदार काकू बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. पैसे कोणाच्याही खासगी खात्यावर घ्यायचे नाहीत, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं. मंडळाचं बचत खातं, पैसे काढायला दोघांच्या सह्या, आणि दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर. लाल रेघांची ती लांबट वही, 'नाव, जमा, बाकी' असे तीन रकाने, आणि काकूंचं टपोरं अक्षर. दिवाळीत सभासदांनी काढलेल्या फोटोंची दिनदर्शिका छापून विकली. तो हिशेब वेगळ्या पानावर. त्यातून कॉलेजच्या मुलांची निम्मी वर्गणी भरली गेली, पण मुख्य यादीत सगळ्यांच्या नावापुढे 'पूर्ण' असंच लिहिलं होतं. एका दुकानदारानं निम्मा खर्च द्यायची तयारी दाखवली होती. त्यांच्या नावाचे टी-शर्ट घालून फिरायचं होतं. आम्ही नम्रपणे नकार दिला. भडक केशरी कपड्यांत पक्षी बघता येत नाहीत, आणि आपली सहल आपल्या पैशांतून झाली की तिच्यावर सगळ्यांचा सारखा हक्क राहतो, असं मला मनापासून वाटतं.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. त्यामुळे सहा-सहांचे गट पाडले, प्रत्येक गटात एक ज्येष्ठ आणि एक मोबाइलवर चपळ बोट चालवणारं पोरगं. सगळे स्लीपरनेच जाणार, कोणी एसीत आणि कोणी स्लीपरला असं नको, यावर एकमत झालं. तिकिटं निघेपर्यंत नाव मागे घेतलं तर पूर्ण पैसे परत. त्यानंतर रेल्वे जेवढे कापेल तेवढे वजा. एकूण अंदाजपत्रकाच्या दहा टक्के रक्कम आजारपण, चुकलेली गाडी अशासाठी बाजूला ठेवली.

रात्री नाशिकरोडला पंजाब मेल पकडली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मथुरा. तिथून भरतपूर जीपने जेमतेम चाळीस किलोमीटर.

केवलादेव उद्यान अवघं २९ चौरस किलोमीटरचं. आत सायकलरिक्षा मिळतात, तासावर भाडं. हे रिक्षावालेच उत्तम वाटाडे आहेत. आमचे सरदारजी पायडल मारता मारता मान न वळवता सांगायचे, 'बाएं, सूखे पेड़ पर, उल्लू.' आणि दुर्बीण लावावी तर खरंच तिथे घुबड! पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची, वसाहत होती. मोठी झालेली पिल्लं घरट्याच्या काठावर उभी राहून पंख फडफडवत होती. त्यांची ती कर्कश ओरड रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

सारसांची जोडी दिसली ती सकाळी, उथळ पाण्यात. आपल्या राज्यात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया भागात, तेही थोडेच. आमच्यापैकी अनेकांनी तो कधीच पाहिला नव्हता. दोघांनी माना आभाळाकडे केल्या, नराने पंख उचलले. त्याची एक लांब हाक, की तिच्या दोन आखूड. पुन्हा एक, पुन्हा दोन. निवृत्त सरांच्या हातातली दुर्बीण थरथरत होती, आणि शेजारचा बारावीतला मुलगा फोन खिशात ठेवून नुसता बघत होता.

केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारीच्या नोंदींची दगडी फलकं आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा सगळ्यांनी वाचला, काहींनी दोनदा वाचला. त्याच जागेला १९८५ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पण सायबेरियन क्रौंच इथे २००२ नंतर आलेला नाही, आणि पाण्याची टंचाई कायमची आहे. ही तळी पूर्वापार अजान बांधातून सोडलेल्या पाण्यावर भरत आली आहेत. नांदूरमध्यमेश्वरचं पाणीही माणसाने अडवलेलंच. त्यामुळे पाणी कुठून येतं आणि कोण सोडतं, हे आमच्यातले शेतकरी रिक्षावाल्यांना खोदून खोदून विचारत होते.

परतल्यावर काकूंनी हिशेब मांडला. आकस्मिक रकमेतले थोडेच पैसे खर्च झाले होते. उरलेले वाटून घ्यायचे की स्पॉटिंग स्कोपसाठी, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीसाठी, ठेवायचे, यावर हात वर करून मतदान झालं आणि स्कोप जिंकला. पुढचे हप्ते पुन्हा जुलैपासून, या वेळी गोंदियासाठी.