रेडिओ चालू, गाडी बंद

कायमची बंद असलेली गाडी परवडली. पंप मेला असेल तर तो मेलेलाच सापडतो, बदलला की विषय संपला. पण "चालू होत्या, मग मधीच बंद पडत्या, कधी पडंल सांगता येत नाही" अशी तक्रार आली की माझ्या पोटात गोळा येतो. असली गाडी गॅरेजात आली की गुणी लेकरासारखी वागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवून मला 27 वर्षं झाली, तरी हे बदललेलं नाही.

ही मारुती झेन 2002 सालची. मालकीण साठीच्या पुढच्या काकू. राजारामपुरीत त्यांचा कांदा-लसूण चटणीचा धंदा आहे. पुढं दुकान, मागं गोदाम आणि मिरची कांडायला स्वतःचा डंक. सकाळी गाडी काढली की बोळाच्या तोंडापर्यंत, नाहीतर पहिल्या चौकात ती गचकन बंद पडायची. चावी फिरवली की लगेच चालू. मग दोन-दोन दिवस काहीच नाही. एकदा परीख पुलाखाली बंद पडली. तो पूल ज्यानं पाहिलाय त्याला तिथं गाडी बंद पडणं म्हणजे काय हे सांगायला नको. मागं हॉर्न, पुढं अंधार, आणि खिडकीपाशी येऊन शिकवणारी चार माणसं.

माझ्याकडं येण्याआधी दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. एकानं टाकीतला पेट्रोल पंप आणि प्लग बदलले. दुसऱ्यानं बॅटरी बदलली आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बाहेरून रिपेअर करून आणला म्हणून पैसे घेतले. 14 हजार गेले. मग मुलगा पुण्याहून आला, दोन दिवस गाडी फिरवली, पन्हाळ्याला जाऊन आला. एकदाही बंद पडली नाही. काकांनी चालवली, तेव्हाही नाही. झालं, निकाल लागला. काकू क्लच नीट सोडत नाहीत. मुलाचं मत तेच, काकांचं तेच, आधीच्या दोन्ही मिस्त्रींचं तेच. आमच्या धंद्यात हे फार आहे. दोष सापडला नाही की तो चालवणाऱ्याच्या पायात असतो, आणि चालवणारी बाई असली तर तपासायचीही गरज नसते.

मी असं तोंडानं म्हटलं नाही. पण मनात आलं होतं, हे लिहायलाच पाहिजे.

पहिल्या वेळी गाडी तीन दिवस ठेवून घेतली. इंजिनला हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत काळा थर होता तो काढला, आयडल व्हॉल्व्ह, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारा, तो साफ केला, पेट्रोल फिल्टर बदलला, एक व्हॅक्यूम पाइप तडकला होता तो नवा टाकला. रोज सकाळी थंड इंजिनवर चालू करून सायबर चौक, विद्यापीठ, परत बागल चौक अशी ट्रायल मारली. गाडी लोण्यासारखी. बिल 2,850 रुपये. आठव्या दिवशी काकू रिक्षानं आल्या. गाडी दुकानासमोरच बंद पडली होती.

आता मी स्टूल ओढलं, त्यांना बसवलं आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"काकू, बंद पडते तेव्हा मीटरवर लाल दिवे लागतात का? बॅटरीचा, ऑइलचा?"

"नाही. सगळं काळं होतं. रेडिओ तेवढा चालू असतोय."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

इंजिन पेट्रोलवाचून बंद पडलं, किंवा क्लचमुळं बंद पडलं, तर चावी 'ऑन'लाच असते. मग बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागतोच लागतो. ते दिवेही गेले याचा अर्थ इंजिन मेलंच नव्हतं, त्याचा वीजपुरवठा तुटला होता. रेडिओची वायर इग्निशन स्विचमधल्या वेगळ्या संपर्कावर असते, म्हणून तो गात राहिला. ईसीएमला आठवणीसाठी थेट बॅटरीची वायर असते, पण कामाचा पुरवठा याच चावीच्या लाइनवर. तो गेला की त्याच्या लेखी चावीच बंद केली. तो चूक कशाची नोंदवणार? म्हणून चेक-इंजिनचा दिवा कधी लागला नाही. गाडीनं आपले दोष स्कॅनरला सांगायची ओबीडी-2 ही पद्धत आपल्याकडं 2013 पासून सक्तीची झाली, ही गाडी त्याआधीची; पण या गाडीला लावायला स्कॅनर असता तरी त्यानंही सगळं ठीक आहे म्हणूनच सांगितलं असतं.

तरी एक गाठ सुटेना. त्यांच्याच हातात का?

दोन टेस्ट बल्ब घेतले. एक स्विचमधून बाहेर येणाऱ्या इग्निशनच्या वायरवर, दुसरा पेट्रोल पंपाच्या वायरवर, दोन्ही डॅशबोर्डवर टेपनं चिकटवले. म्हटलं, "काकू, तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो." त्यांनी पर्समधून चावी काढली.

चावी कसली, जुडगाच. शटरच्या दोन लांब चाव्या, गोदामाच्या पितळी कुलपाची जाडजूड चावी, डंकाच्या खोलीची, कपाटांच्या तीन, स्कूटरची, आणि अंबाबाईचं चित्र असलेलं एक पितळी पदक. पुढं त्यांच्याच दुकानातल्या काट्यावर वजन केलं, 310 ग्रॅम भरलं. गाडी चालू झाली. गॅरेजच्या दारातला उतार उतरताना जुडगा हिंदकळला आणि दोन्ही बल्ब एकदम विझले. इंजिन बंद. रेडिओवर बातम्या चालू.

काकू काही बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडं बघितलं.

मुलगा दुसऱ्या, सुट्या चावीनं गाडी चालवत होता. काकाही तीच घ्यायचे. आणि आम्ही? गाडी ठेवून घेताना घरच्या, दुकानाच्या चाव्या काढून मालकाला परत देतो, कुलपांची जबाबदारी नको म्हणून. म्हणजे तीन गॅरेजांत तीन वेळा आम्ही आधी दोष काढून मालकिणीच्या हातात दिला, आणि मग गाडीत दोष शोधत बसलो.

मीटर लावला. बॅटरीला 12.5 व्होल्ट. स्विचच्या बाहेर, नुसत्या चावीवर 12.1. जुडगा लटकवला तर 10.8, आणि बोटानं किंचित खाली ओढला की 6, शून्य, परत 11, सुई नसलेल्या मीटरवरही आकडे थरथरताना दिसतात. स्विच सोडवून उघडला. मधल्या तांब्याच्या पट्टीचं टोक जळून काळं पडलेलं, त्यावर बारीक खड्डे, आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. ग्रीसची वाळून खरपुडी झालेली. चावी 'स्टार्ट'वरून सोडली की ती पट्टी परत 'ऑन'च्या संपर्कावर येऊन बसायला पाहिजे, ती अर्धीच बसत होती. वर 310 ग्रॅमचा झोका.

पट्टी नुसत्या वजनानं जळत नाही, म्हणून वायर मागं मागं बघत गेलो. कधीतरी कुणीतरी रेडिएटरला जादा पंखा बसवला होता आणि त्याची वायर रिले, म्हणजे मोठा करंट चावीच्या स्विचमधून जाऊ न देणारा छोटा स्विच, न लावता थेट इग्निशनच्या वायरला पिळून, वर टेप गुंडाळून दिली होती. पंखा सुरू झाला की तो सगळा करंट त्या एवढ्याशा पट्टीतून. शंभर-दीडशे रुपयांचा रिले वाचवला त्या माणसानं. असलं काम बघितलं की मला खरंच राग येतो, कारण ते करणाऱ्याला रिले म्हणजे काय हे ठाऊक असतंच.

चावीच्या वजनाची गोष्ट काही लोक हसण्यावारी नेतात. जनरल मोटर्सला 2014 साली इग्निशन स्विचपायीच सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तिथं स्विचची पकड ढिली होती. वजनानं किंवा धक्क्यानं चावी मागं सरकायची, इंजिन बंद, आणि एअरबॅगही उघडायची नाही. 124 मृत्यू त्या स्विचमुळं झाल्याचं भरपाई देताना मान्य झालं. आमच्या काकूंची गाडी परीख पुलाऐवजी हायवेवर बंद पडली असती तर? इंजिन बंद झालं की ब्रेक एक-दोनदा नेहमीसारखा लागतो, मग दगडासारखा घट्ट होतो.

नवा स्विच टाकला, पंख्याला रिले आणि फ्यूज लावून वायर थेट बॅटरीवर नेली, पिळलेला जोड कापून सोल्डर केला. जुडगा लावूनच तीन दिवस गाडी चालवली, शहरात आणि हायवेला कागलपर्यंत.

बिल करताना पहिल्या वेळचं जॉब कार्ड काढलं. तक्रार आमच्या हेल्पर पोरानं लिहून घेतली होती. त्याचं अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. "गाडी बंद पडते, रेडिओ चालू राहतो." खाली माझ्या हातचं, ठसठशीत: "आयडल चेक करणे." पोराला काकूंनी सांगितलं होतं, पोरानं लिहिलं होतं. मी कार्ड वाचलं होतं, सही आहे माझी.

नव्या बिलातून ते पहिले 2,850 वजा केले. काकूंनी आढेवेढे घेतले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाल्या, "ते काम नव्हतंच माझ्या गाडीचं."

मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "त्याला सांगा काय झालं होतं ते." मी स्विच, पट्टी, पंखा, जुडगा, सगळं सांगितलं. पलीकडं जरा शांतता. मग तो म्हणाला, "अच्छा. म्हणजे आईच्या चाव्यांमुळंच होत होतं."

मी म्हटलं, "नाही. जळलेल्या स्विचमुळं होत होतं. चाव्यांमुळं सापडलं."

फोन परत दिला. काकूंनी तो बंद करून पर्समध्ये टाकला, जुडग्यातून गाडीची चावी सोडवायला बसल्या. कडी घट्ट होती, मी पक्कड पुढं केली.